हतनूरच्या पाण्यावरचे वारकरी

नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून काढलेल्या जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात. तिथल्या फ्लेव्होलँडचा दक्षिण भाग 1968 साली कोरडा झाला. त्यातला एक सखल तुकडा कारखान्यांसाठी राखला होता. तो पडून राहिला, पाणी साचलं, बोरू उगवला आणि पक्षी आले. आज ओस्टफार्डर्सप्लासेन नावाची ही पाणथळ जागा जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूरची गोष्ट याच जातीची. भुसावळ तालुक्यात तापीवर 41 दरवाज्यांचं धरण बांधलं ते सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी. पाखरांचा विचार त्यात नव्हता. पण चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, तिथे फुगवट्याचं पाणी उथळ पसरतं. गाळाने धरणाची साठवण घटली, हे शेतकऱ्याचं खरंखुरं दुखणं. त्याच गाळावर पाणवनस्पती माजतात आणि चिखल्या पक्ष्यांचं पोट भरतं.

हिवाळ्यात इथे लालसरी, चक्रवाक, थापट्या उतरतात. सगळ्यात गोड नाव मात्र काळ्या अंगाच्या, कपाळावर पांढरा टिळा लावलेल्या ‘वारकऱ्या’चं. शेजारच्या मुक्ताईनगरहून आषाढी वारीसाठी पालखी निघते, त्या मुलखात हे नाव अगदी शोभतं!

महत्त्वाचं पक्षिक्षेत्र म्हणून हतनूरची नोंद आहे. जळगावचं मेहरूण, धुळ्याचं नकाणे हे तलावही पाहण्याजोगे. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे दुर्बीण घेऊन जा, काठावरच थांबा आणि प्लास्टिकचा एक कपटाही मागे ठेवू नका.