बोन्सायचे पुनरुज्जीवन

पाणी, छाटणी किंवा कुंडीबदल यांच्या अभावी खंगलेल्या बोन्सायला पुन्हा जोम आणण्याच्या प्रक्रियेस बोन्सायचे पुनरुज्जीवन म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत गच्चीवर किंवा अंगणात वाढवलेल्या वड, पिंपळ, उंबर या काटक वृक्षांच्या बाबतीत ते नवशिक्यालाही साधते.

प्रथम झाड जिवंत आहे का, हे पाहतात. साल नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवा थर दिसल्यास फांदी जिवंत असते. ती कोरडी व तपकिरी आढळल्यास खोडाकडे सरकत पुन्हा तपासतात. केवळ पानगळ हा झाड मेल्याचा पुरावा नव्हे. ताण पडल्यास वडही पाने टाकतो.

वाळलेल्या मातीत पाणी न मुरता कडेने वाहून जात असल्यास कुंडी काही मिनिटे पाण्यात बुडवून ठेवतात. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगाळते. म्हणून तीत विटांचे तुकडे व जाड वाळू मिसळतात. कुंडी पावसाळ्याच्या आरंभी बदलणे सोयीचे असते. महाबळेश्वर, पाटणकडील अतिवृष्टीत मुळे कुजू नयेत म्हणून आडोसा, तर माण, जत, आटपाडीच्या कडक उन्हाळ्यात दुपारी सावली आवश्यक ठरते.

अशक्त झाडाची मुळे छाटणे, त्याला तार बांधणे व खत देणे एकाच वेळी केल्यास ते दगावू शकते. नव्या पालवीनेच झाडाचे अन्न तयार होत असल्याने ती जोमदार होईपर्यंत आकार देण्याचे काम पुढे ढकलतात.