दोरी ओढण्याचा अधिकार

कारखान्यांतील सुधारणा हा विषय वसंतातील व्याख्यानाला काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे, हे आम्ही जाणून आहोत. येथे जमणाऱ्या मंडळींत शिक्षक आहेत, कारकून आहेत, दुकानदार, वकील, निवृत्त गृहस्थ आणि घरचे सारे आवरून वेळेवर येऊन बसलेल्या गृहिणी आहेत. मोटारीचा सांगाडा कसा जोडतात याच्याशी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु एखाद्या कचेरीत एका दाखल्यासाठी ज्याने तीन खेपा घातल्या आहेत, त्याला हा विषय मुळीच परका नाही. तिसऱ्या खेपेस त्याला कळते की अर्जाला एक कागद जोडावयाचा राहिला होता. आणि तो राहिला आहे हे पहिल्या खिडकीवरच्या माणसाला पहिल्याच दिवशी दिसले होते. दिसूनही तो बोलला का नाही? आजचे आमचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

प्रथम शब्दांचा निकाल लावू. सततच्या लहानलहान सुधारणेला जपानी लोक 'कायझेन' म्हणतात. 'काय' म्हणजे बदल आणि 'झेन' म्हणजे चांगला. हा शब्द ऐकताच काही विद्वानांना झेन पंथ आठवतो व ते एकदम समाधीवर बोलू लागतात. त्या पंथाचे नाव आपल्याच 'ध्यान' शब्दाने चीनमार्गे जपानात जाताना घेतलेले रूप आहे हे खरे. परंतु कायझेनमधील झेन निराळ्या चिन्हाने लिहितात आणि त्याचा अर्थही निराळा. डोळे मिटण्याशी याचा काही संबंध नाही, उघडे ठेवण्याशी आहे. दुसरा शब्द इंग्रजी, 'लीन'. जॉन क्राफ्सिक या अमेरिकन अभियंत्याने १९८८ साली एका लेखात तो टोयोटा कंपनीच्या उत्पादनपद्धतीला लावला आणि १९९० साली वोमॅक, जोन्स व रूस यांच्या ग्रंथाने तो जगभर नेला. मराठीत त्याला कोणी 'सडपातळ' म्हणतात. आम्हांस 'काटक' हा शब्द अधिक बरा वाटतो. कृश माणूसही सडपातळच असतो, पण तो सिंहगड चढताना अर्ध्यात बसतो. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुष्कळ संस्था काटक होण्याच्या नावाखाली कृश झाल्या आहेत.

या पद्धतीचा उगम मोटारीत नाही, मागात आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. घरी आई हातमागावर विणीत असे, ते पाहत तो वाढला. मागावरचा एखादा धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला तर पुढचे सारे कापड सदोष निघते, हे इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला सांगावयास नको. म्हणून प्रत्येक मागापाशी राखण करणारा माणूस हवा. म्हणजे यंत्राने माणसाला मोकळे करण्याऐवजी आपल्या चाकरीला ठेवून घेतले. साकिचीने अनेक वर्षे खटपट करून १९२४ साली, मुलगा किइचिरो याच्या साहाय्याने, असा स्वयंचलित माग सिद्ध केला की धागा तुटताच तो आपोआप थांबे. मग एकच कामगार पुष्कळ मागांवर देखरेख करू शकला, कारण थांबलेल्या मागापाशीच तेवढे त्याला जावे लागे. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या विख्यात कंपनीला एक लाख पौंडांना देण्याचा करार झाला. मँचेस्टरजवळच्या यंत्रकारांनी जपानी सुताराच्या मुलाकडून माग विकत घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्या मागात एक विचार होता: चूक झाली तर थांबा, ती पुढे जाऊ देऊ नका. किइचिरोने १९३७ साली मोटार कंपनी काढली, आणि माग जसा थांबतो तसा माणसालाही थांबवता आला पाहिजे, हा विचार पुढे तेथे रुजला. परंतु तो रुजण्यापूर्वी एक फार कडू प्रसंग घडला. सुधारणेवरील गोडगोड व्याख्यानांतून तो बहुधा वगळला जातो, म्हणून आम्ही तो मुद्दाम सांगतो. युद्धोत्तर मंदीत कंपनी दिवाळ्याच्या काठावर आली. कर्ज देणाऱ्या बँकांनी नोकरकपात मागितली. १९५० च्या वसंतात मोठा संप झाला. दीड हजारांहून अधिक कामगारांना जावे लागले, आणि कोणालाही काढणार नाही असे वचन देऊन बसलेल्या किइचिरोने स्वतः अध्यक्षपद सोडले. थोड्याच दिवसांत कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकन लष्कराकडून मालमोटारींची मागणी आली व कंपनी तगली. किइचिरो मात्र १९५२ साली वारला. जे उरले त्यांच्यात यापुढे एक अलिखित समजूत झाली: कामगारांनी काम सुधारावे, आणि सुधारलेल्या कामामुळे कोणाची भाकरी जाऊ नये. १९६२ साली कामगार संघटना व व्यवस्थापन यांनी परस्परविश्वासाच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. या समजुतीवाचून पुढचे काहीही घडले नसते असे आमचे मत आहे. ज्या सूचनेने चार माणसांचे काम तिघांत होईल ती सूचना चौथा माणूस कशाला करील?

त्याच १९५० साली एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आला. तेथे दिवसाला हजारो गाड्या बाहेर पडत, टोयोटाकडे चाळीसच्या आसपास. फोर्डची नक्कल करावी इतके ना भांडवल होते, ना गिऱ्हाईक. मग ताईइची ओनो या अभियंत्याने उलटा विचार केला. आपल्याकडे पूर्वी वर्षाचे धान्य कणगीत भरीत. कणगी भरलेली असली की घर निश्चिंत. पण तळाशी किडा लागला तरी तो पौषात लागला की चैत्रात, याचा पत्ता लागत नाही, कारण वरचे धान्य चांगलेच असते. कारखान्यातील गुदामाचे तेच. हजार सुटे भाग आगाऊ करून ठेवले आणि त्यांतील दोनशे वाकडे निघाले, तर ते कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर वाकले हे कळण्याची वेळ निघून गेलेली असते. उलट भाजी आपण रोजची रोज आणतो. वांगे किडके निघाले तर उद्या सकाळी भाजीवाल्याला जाब विचारता येतो. अमेरिकेतील मोठ्या किराणा-बाजारात गिऱ्हाईक हवे तेवढे उचलते आणि फळीवर तेवढाच माल पुन्हा भरतात, हे ओनोने ऐकले होते. त्यावरून त्याने पुढच्या टप्प्यातील माणसाला गिऱ्हाईक केले. त्याला लागतील तेवढेच भाग मागच्याने करावयाचे, आणि मागणी कळविण्यास एक साधी चिठ्ठी. तीच 'कानबान'. वायफळ गोष्टींना ओनो 'मुदा' म्हणे. ताटकळणे, हलवाहलव, नको तेवढी घासपूस हे सारे मुदा होतेच, पण त्याच्या लेखी सर्वांत वाईट मुदा म्हणजे गरजेपेक्षा अधिक उत्पादन. कारण त्याच्याखाली बाकीचे सारे दोष झाकले जातात.

दोष उघडा पडला की त्याचे करावयाचे काय? ओनोचा नियम पाच वेळा 'का?' विचारण्याचा. त्याचे उदाहरण यंत्र बंद पडल्याचे आहे. का बंद पडले? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेना. का पुरेना? पंप नीट ओढीत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. आणि तो का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत शिरत होता. पहिल्या उत्तरावर थांबणारा माणूस फ्यूज बदलतो आणि महिन्याने पुन्हा बदलतो. पाचव्यावर पोहोचणारा गाळणी बसवतो.

हे शास्त्र शिकावयास अवघड नाही. अवघड काय आहे ते आम्हांस एका कारखान्यात दिसले. कारखाना आपल्याच प्रांतातला. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. भिंतीवर कायझेनचे रंगीत फलक होते, सूचनापेटी होती, तिला कुलूपही होते. किल्ली कोणाकडे आहे यावर मात्र दोन अधिकाऱ्यांत एकमत होईना. जोडणीच्या पट्ट्यावर, टोयोटात असते तशी, काम थांबविण्याची दोरी टांगलेली होती. तिच्यावर धूळ होती. आम्ही शेजारच्या कामगाराला विचारले, ''ही ओढता का कधी?''

तो म्हणाला, ''ओढली की सुपरवायझर येतात, साहेब.''

''मग चांगलेच की. येऊन काय करतात?''

''विचारतात, कोणी ओढली?''

आम्ही पुढे काही विचारले नाही. 'का?' आणि 'कोणी?' या दोन शब्दांतले अंतर फलकांनी भरून निघत नाही. टोयोटात दोरी ओढली की गटप्रमुख धावत येतो, पण मदतीला. तेथे १९५१ साली सूचनायोजना सुरू झाली, तीही फोर्डकडूनच पाहून आलेली. आणि पहिल्या चाळीस वर्षांत कामगारांकडून दोन कोटी सूचना आल्या. त्यांतील बहुसंख्य अगदी किरकोळ होत्या, कुठे हत्यार हाताजवळ टांगा, कुठे पेटीची उंची वाढवा अशा. किरकोळ सूचनेलाही लगेच उत्तर मिळते हे दिसले, म्हणून तर लोक बोलत राहिले.

हा सारा जपानी स्वभावाचा गुण, आपल्याकडे जमावयाचे नाही, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्याला उत्तर कॅलिफोर्नियात मिळाले. फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना त्या कंपनीच्या अत्यंत वाईट कारखान्यांपैकी एक गणला जाई. गैरहजेरी शेकडा वीसच्या आसपास, भांडणे अखंड, तयार गाड्यांत दोष भरपूर. १९८२ साली तो बंद झाला. मग जनरल मोटर्स व टोयोटा यांनी मिळून 'नुमी' नावाने तो पुन्हा उघडला, आणि १९८४ च्या अखेरीस गाड्या बाहेर पडू लागल्या. कामगार बहुतांशी तेच जुने, संघटनाही तीच. काही तुकड्यांना शिकण्यासाठी जपानला पाठविले. तेथे अडचण आली की गटप्रमुख येऊन आपल्या हाताला हात लावतो, हे पाहून ते चकित झाले. परत आल्यावर त्यांच्याही हाती दोरी दिली. थोड्याच काळात गैरहजेरी अगदी उतरली आणि गाड्यांची गुणवत्ता जपानी गाड्यांच्या तोडीस आली. १९८८ च्या सुमारास विक्री घसरली तेव्हा कोणालाही काढले नाही; रिकाम्या वेळात शिकविले, यंत्रे सुधारून घेतली. कामगारांची खरी खात्री पटली ती बहुधा तेव्हा. माणसे तीच होती. बदलली होती ती वरिष्ठांची वागणूक. याउलट जनरल मोटर्सचे अधिकारी हा कारखाना रोज पाहत असूनही त्यांना तो धडा आपल्या इतर कारखान्यांत नेण्यास फार वर्षे लागली. दोरी नेता येते. ती ओढल्यावर न रागावणारा अधिकारी नेता येत नाही. नुमी २०१० साली बंद पडला, जनरल मोटर्स दिवाळखोरीत अंग काढून गेल्यानंतर.

आमचा हेतू टोयोटाची आरती करण्याचा नाही. तिच्या शब्दकोशात 'मुदा'च्या जोडीला 'मुरी' असा शब्द आहे: माणसावर अथवा यंत्रावर झेपेनासा भार. मुदा काढावा, पण मुरी घालून नव्हे. फेब्रुवारी २०१० मध्ये सदोष गाड्यांच्या प्रकरणी अकिओ टोयोडा यांना अमेरिकन काँग्रेसपुढे उभे राहावे लागले. माणसे तयार होण्याच्या वेगापेक्षा आपण अधिक वेगाने वाढलो, अशी कबुली त्यांनी दिली. आपल्या किर्लोस्करांच्या भागीदारीत बंगळूरजवळ बिडदी येथे १९९९ च्या अखेरीस टोयोटाचे उत्पादन सुरू झाले. तेथेही नोव्हेंबर २०२० मध्ये एका संघटना-पदाधिकाऱ्याच्या निलंबनावरून ठिणगी पडली, टाळेबंदी झाली, ती नव्या वर्षापर्यंत लांबली. कामाचा बोजा वाढविला ही कामगारांची तक्रार होती. कंपनीला ती मान्य नव्हती. याच कंपनीने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ कारखाना काढण्याचा करार महाराष्ट्र शासनाशी केला आहे, तेव्हा हा प्रश्न मराठी मुलखाबाहेरचा राहिलेला नाही.

आता मोटारींपासून दूर जाऊ. अमेरिकेत सिॲटल येथे व्हर्जिनिया मेसन नावाचे रुग्णालय आहे. तेथील प्रमुख मंडळी २००२ साली ही पद्धत शिकण्यास जपानला गेली. डॉक्टर आणि मोटारीचा पट्टा! पुष्कळांनी चेष्टा केली. परत येऊन त्यांनी रुग्णालयात दोरी बांधली, म्हणजे असा नियम केला की रोग्याला धोका दिसल्यास परिचारिकेपासून कोणीही काम थांबवावे आणि वरिष्ठांनी तत्काळ यावे. तरीही नोव्हेंबर २००४ मध्ये तेथे एक वृद्ध स्त्री दगावली. उपचाराच्या टेबलावर सारख्याच भांड्यांत निरनिराळे द्रव होते. जंतुनाशक पूर्वी तपकिरी असे. त्याऐवजी नवे आले ते पाण्यासारखे स्वच्छ. भांड्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. शिरेत जावयाच्या औषधाऐवजी जंतुनाशक टोचले गेले.

टोचणाऱ्या व्यक्तीला काढून प्रकरण मिटविणे सोपे होते. रुग्णालयाने तसे केले नाही. चूक आपली आहे असे जाहीरपणे सांगून क्षमा मागितली, आणि रंग बदलला तेव्हा कोणाला काय दिसले होते, भांडी सारखी का होती, चिठ्ठ्या का नव्हत्या, असे एकेक विचारीत गेले. त्या स्त्रीच्या नावाने तेथे दरवर्षी पारितोषिक देतात. रोग्याची सुरक्षितता वाढेल अशी सुधारणा ज्या गटाने केली असेल, त्याला ते मिळते.