२३० डॉलरचा माग

इटलीतल्या ब्रेशिया शहरात पाकिस्तानातून आणि आपल्या पंजाबातून गेलेले कामगार बरेच. त्यामुळे गावी पैसे पाठवून देणारी छोटी दुकानंही भरपूर. नोव्हेंबर २००८ मध्ये अशाच एका दुकानातून साधारण २३० डॉलर अमेरिकेतल्या एका इंटरनेट फोन कंपनीकडे गेले. तेव्हाच्या भावाने बारा हजार रुपयांच्या आतच. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, मुंबईत हल्ला सुरू झाला आणि त्याच कंपनीच्या फोनलाइनवरून पाकिस्तानात बसलेले लोक ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधल्या दहशतवाद्यांना सूचना देत होते. १६६ जण गेले.

पैसे पाठवणाऱ्याचं नाव पावतीवर होतं की! फक्त त्या नावाचा माणूस इटलीत कधी आलाच नव्हता, असं तिथल्या पोलिसांनी सांगितलं. ओळख दुसऱ्याचीच वापरलेली. दोन जणांना अटक व्हायला वर्ष गेलं.

टेरर फंडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नोटांनी भरलेल्या बॅगा येतात. सिनेमाची कृपा. मनी लाँडरिंगमध्ये काळ्याचं पांढरं करतात. इथे अनेकदा उलटं. पगार, देणगी, दुकानातला गल्ला असा सरळ पैसा असतो, काळा असतो तो हेतू. आणि हेतू काही बँक स्टेटमेंटवर छापून येत नाही. ९/११ च्या हल्ल्याला चार ते पाच लाख डॉलर लागले, असा अमेरिकेच्या चौकशी आयोगाचा अंदाज. हल्लेखोरांनी फ्लोरिडातल्या बँकेत स्वतःच्याच नावाने खाती उघडली होती. कुणाला संशय यावा असं त्यांत काही नव्हतं. हल्ल्याच्या आधी तर त्यांनी उरलेले २६ हजार डॉलर यूएईला परतही पाठवले!

बँक टाळायची असेल तर हवाला. दुबईत एकाने दिरहम मोजून दिले, इकडे दुसऱ्याने नोटेचा नंबर जुळवून रुपये दिले. पैसा सीमा ओलांडतच नाही, मग पकडणार काय? दोघांचा हिशेब नंतर कधीतरी, मालाच्या बिलात कमी-जास्त करून मिटतो. आता ऑनलाइन शॉपिंगही यात आलंय. २०१९ च्या पुलवामा हल्ल्यातल्या बॉम्बसाठी लागलेली अॅल्युमिनियम पावडर ऑनलाइन मागवली होती, असं एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२५ च्या अहवालात आहे. कुरिअरवाल्याला काय कळणार?

मग जाळं आणखी बारीक विणा, असं वाटतं. ओटीपी, केवायसी, पुन्हा केवायसी. पण बारीक जाळ्यात साधी माणसंही अडकतात, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने अल-बराकात या सोमाली कंपनीचं काम बंद पाडलं, पैसे गोठवले. आरोप अल-कायदाला मदत केल्याचा. ९/११ आयोगाच्या तपासनिसांनी नंतर फाइल्स चाळल्या, तर त्या आरोपाला भक्कम पुरावा सापडला नाही. सोमालियात तेव्हा धड चालणारी बँक नव्हती. परदेशात टॅक्सी चालवणारा भाऊ घरी पैसे पाठवायचा, ते अशाच काउंटरवरून.