नवी हार्ड डिस्क घेतलीत? जुना बॅकअप 'कट-पेस्ट' करू नका

१९९८ साली पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २'चं काम सुरू होतं. कुणीतरी चुकून डिलीटची कमांड दिली आणि चित्रपटाच्या फाइल्स एकामागोमाग एक गायब होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट होतच नव्हता, हे तेव्हा कळलं. तंत्रविभागातल्या गॅलिन सुसमन यांचं बाळ लहान होतं, त्यामुळे त्या घरूनही काम करायच्या. त्यांच्या घरच्या कम्प्युटरवरच्या कॉपीने चित्रपट वाचवला.

आपल्याकडे चित्रपट नसला तरी लग्नाचे फोटो आणि मुलांचे व्हिडिओ असतात. जुनी डिस्क भरली की आपण मोठी आणतो आणि सगळा बॅकअप तिच्यावर हलवतो. चूक नेमकी इथेच होते.

आधी काय बघायचं?

नव्या डिस्कचा फॉरमॅट. फॅट३२ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. फक्त विंडोजसाठी एनटीएफएस घ्या, विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅट. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसली तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

कट का नको?

कट केलं की फाइल नव्या डिस्कवर जाते आणि जुनीवरून पुसली जाते. मध्येच केबल हलली किंवा वीज गेली तर काही फाइल्स इकडे, काही तिकडे. म्हणून नेहमी कॉपीच करा.

वेळ किती लागतो?

सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर १ टीबीला साधारण पावणेतीन तास. हजारो लहान फोटो असतील तर आणखी जास्त. यूएसबी २.० पोर्टला अख्खी रात्र जाऊ शकते.

मॅकवर टाइम मशीन वापरत असाल तर?

तो बॅकअप साध्या फोल्डरसारखा ओढून नेऊ नका. सेटिंग्जमध्ये नवी डिस्क निवडा, तिच्यावर नवा बॅकअप सुरू होईल. जुन्या तारखांचा बॅकअप जुन्या डिस्कवर तसाच राहू द्या.

झालं, हे कसं ओळखायचं?

दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या आणि साइझ जुळवा. मग सगळ्यात जुना फोटो आणि सगळ्यात मोठा व्हिडिओ नव्या डिस्कवरून उघडून बघा. उघडून पाहिला नाही, तोवर त्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

जुन्या डिस्कचं काय?

लगेच फॉरमॅट करू नका. चालत असेल तर ती दुसरी कॉपी म्हणून नातेवाइकांच्या घरी ठेवा. घरात चोरी झाली किंवा पाणी शिरलं, तरी फोटो वाचतील.