गाडीखाली पडलेला डाग कसला? घाटात निघण्याआधी कसं ओळखायचं?

बॅगा भरून झाल्या आहेत. पहाटे पाचला पुण्याहून निघून ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचं ठरलं आहे. आणि रात्री साडेदहाला वॉचमन सांगतो, "साहेब, तुमच्या गाडीखाली काहीतरी सांडलंय." मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं, तर मागच्या डाव्या चाकाजवळ पोळीएवढा ओला डाग दिसतो.

आता काय करायचं? गॅरेज बंद. घरातलं कुणी म्हणतं, "एसीचं पाणी असेल." दुसरं कुणी म्हणतं, "ट्रिप रद्द करा." दोघांचंही बरोबर असू शकतं. कारण गाडीच्या पोटात सात-आठ प्रकारचे द्रव असतात. त्यातला एखादा महिनाभर ठिबकला तरी फारसं बिघडत नाही आणि एखादा असा असतो, की तो गळत असताना गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नये. यातला फरक बऱ्याचदा घरच्या घरी, दहा-पंधरा मिनिटांत कळू शकतो.

आधी बघा, डाग तुमच्याच गाडीचा आहे का?

ऐकायला गमतीशीर वाटेल, पण पार्किंगच्या जागेवर काल दुसऱ्याची गाडी उभी असू शकते. पेव्हर ब्लॉकमध्ये मुरलेला जुना काळा डाग पहिल्या पावसात पुन्हा चमकायला लागतो, तेव्हाही नवीन गळती असल्यासारखं वाटतं.

यावर सोपा उपाय म्हणजे पांढरा पुठ्ठा. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा मोठा तुकडा घ्या, त्याची पांढरी किंवा फिकट बाजू वर ठेवून गाडीखाली सरकवा आणि पुढची बाजू कुठली, चाकं कुठे येतात, ते पेनाने लिहा. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब दिसले, तर गळती तुमचीच. शिवाय थेंब नेमका कुठे पडतो, हेही कळतं आणि द्रवाचा खरा रंग दिसतो. काळ्या डांबरावर सगळेच डाग सारखे दिसतात.

घाई असेल तर दुसरी चाचणी आहे. हातात प्लास्टिकची पिशवी घालून, टिश्यू पेपरने डागातला ओला थेंब टिपा आणि तो पाण्याने भरलेल्या टाकाऊ कपात बुडवा. पाण्यावर तवंग आला, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले, तर ते तेल किंवा इंधन आहे. काहीच तरंगलं नाही, द्रव पाण्यात मिसळून गेला, तर यादी एकदम छोटी होते: पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑइल. ही चाचणी लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

बऱ्याचदा ते खरंच पाणी असतं

एसी चालू असताना डॅशबोर्डच्या आतल्या थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो, तसंच. हे पाणी एका नळीतून गाडीखाली सोडलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायांच्या आसपास पडतं. रंग नाही, वास नाही, बोटांना चिकटपणा नाही. मुंबईच्या दमट हवेत तर गाडी बंद केल्यावरही बराच वेळ ठिबकत राहतं.

उलट, एसी लावूनही बाहेर थेंब पडत नसेल आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं होत असेल, तर ती तक्रारीची गोष्ट आहे. नळीत कचरा अडकला आहे आणि पाणी आत येतंय, असा त्याचा अर्थ.

सायलेन्सरमधून गळणारं पाणीही अनेकांना घाबरवतं. एक लिटर पेट्रोल जळलं, की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन निघून जातं, पण सकाळी सायलेन्सर थंड असताना त्याचे थेंब होतात. सीएनजीच्या गाड्यांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. गाडी तापल्यावर थेंब थांबले, तर काळजी नको.

इंजिन ऑइल: ओळखायला सोपं, दुर्लक्ष करायलाही सोपं

गाडीच्या पुढच्या भागाखाली तपकिरी किंवा काळा, बोटांमध्ये चोळल्यावर बुळबुळीत लागणारा डाग बहुतेक वेळा इंजिन ऑइलचा असतो. नवीन ऑइल मधाच्या रंगाचं असतं, वापरून ते काळं पडतं, डिझेल गाडीत तर फारच लवकर. त्यामुळे नुकतीच सर्व्हिसिंग झालेल्या गाडीखाली फिकट रंगाचा थेंब दिसला, तर "हे काळं नाही, म्हणजे ऑइल नाही" असं समजू नका.

सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल, तर संशयित दोनच. एक म्हणजे ऑइल काढण्याचा ड्रेन बोल्ट, जो नीट आवळलेला नसतो किंवा त्याचा जुना वॉशर तसाच ठेवलेला असतो. दुसरा म्हणजे ऑइल फिल्टर. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवीन फिल्टर बसवला, तर दोन रबरांमधून ऑइल जोरात बाहेर येऊ शकतं.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल आणि रात्रभरात दोन-चार थेंबच पडले असतील, तर गाडी चालवता येते, फक्त पातळीवर लक्ष ठेवून. पातळी खालच्या खुणेखाली असेल, तर आधी ऑइल भरा. आणि चालत्या गाडीत ऑइलच्या कॅनच्या चित्राचा लाल दिवा लागला, तर "पुढच्या पंपावर बघू" असं करू नका. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं.

कूलंट: गोड वासाचं विष

हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा, किंचित चिकट आणि गोडसर वासाचा डाग कूलंटचा. रंग कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे आपल्या गाडीतल्या कूलंटचा रंग कोणता, हे एकदा बॉनेट उघडून बघून ठेवलेलं बरं. त्याची अर्धपारदर्शक बाटली असते आणि तिच्यावर कमाल-किमान खुणा असतात. इंजिन थंड असताना पातळी किमान खुणेच्या खाली गेली असेल आणि खाली डागही असेल, तर लांबचा प्रवास नको. घाट चढताना इंजिनवर सगळ्यात जास्त ताण येतो आणि गाडी तापते ती तिथेच. इंजिन जास्त तापलं, तर हेड गॅस्केट जाऊ शकतं. मग शे-दोनशे रुपयांच्या क्लिपमुळे सुरू झालेलं काम इंजिन खोलण्यापर्यंत पोहोचतं.

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडणं ही सगळ्यात धोकादायक चूक. आतला द्रव दाबाखाली असतो, म्हणून तो 100 अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. वाफ येताना दिसली तर इंजिन बंद करून पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचं, मग कितीही उशीर होवो. अडचणीत साधं स्वच्छ पाणी घालून गॅरेज गाठता येतं, पण नळाचं किंवा बोअरचं पाणी कायमचं ठेवलं, तर आत क्षार आणि गंज धरतो.

या डागाची दुसरीही बाजू आहे. कूलंटमध्ये सहसा इथिलीन ग्लायकॉल असतं. त्याची चव गोड असते आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं. मांजरासाठी चमचाभर कूलंटही जीवघेणं ठरू शकतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं गाडीखालीच झोपतात, म्हणून हा डाग तसाच ठेवू नका. माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या आणि जागा भरपूर पाण्याने धुवा.

ब्रेक ऑइल, जे मुळात तेल नाहीच

आता परत त्या मागच्या डाव्या चाकाकडे. इंजिन, रेडिएटर, एसी सगळं पुढे असताना डाग मागे का? चाकाजवळच्या डागाचे प्रमुख संशयित दोन: शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल आणि ब्रेक ऑइल. दोन्ही पातळ, दोन्ही निसरडे, दोन्ही चाकाच्या आतल्या बाजूने ओघळतात. डोळ्यांना फरक कळणं कठीण आहे. ब्रेक ऑइल नवीन असताना जवळपास पारदर्शक किंवा फिकट पिवळं असतं, जुनं झाल्यावर तपकिरी होतं.

इथे कपातलं पाणी निर्णय देतं. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो खरं, पण डॉट-3 किंवा डॉट-4 म्हणून मिळणारा हा द्रव ग्लायकॉलच्या जातीचा आहे. तो पाण्यात विरघळतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं तेल तरंगतं. तरंगलं, तर गाडी खड्ड्यांत जास्त उसळेल, सावकाश चालवून लवकर दुरुस्ती करावी लागेल. विरघळलं, तर पहाटेची ट्रिप त्या गाडीने होणार नाही.

खात्रीसाठी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी बाटली बघा. ब्रेक पॅड झिजतात तशी तिची पातळी महिनोन्‌महिने हळूहळू खाली येते, ते स्वाभाविक आहे. पण पातळी अचानक उतरली असेल आणि खाली ओला डाग असेल, तर प्रश्नच मिटला. हँडब्रेक सोडल्यावरही त्याचा लाल दिवा विझत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत तो ब्रेक ऑइल कमी झाल्याचाही इशारा असतो. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर आणखी वेगळा पुरावा नको.

गाड्यांमध्ये ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक गळून रिकामा झाला तरी दुसरा काम करतो, पण पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. सपाट रस्त्यावर, कमी वेगात हे निभावून जाईल. ताम्हिणीच्या उतारावर, भरलेल्या गाडीत, समोर वळण असताना नाही. अनेक छोट्या गाड्यांत मागे ड्रम ब्रेक असतात. तिथला व्हील सिलिंडर गळला, की द्रव ब्रेक शूवर पसरतो आणि ते चाक नीट धरत नाही.

बाटलीत नवीन द्रव ओतून निघण्याचा मोह होतो. गळती तशीच असताना त्याचा उपयोग नाही. त्यातही कुणी 'ऑइल ते ऑइल' म्हणून इंजिन ऑइल ओतलं, तर ब्रेकमधली रबरं फुगून सगळी यंत्रणाच बदलायची वेळ येते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गळती नसतानाही ते जुनं होतं. नवीन डॉट-4 चा उकळबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याचा 155 पर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं, तर आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं दबतं. साधारण दोन-तीन वर्षांनी ते बदलायला सांगतात, ते यासाठीच.

पेट्रोलचा वास आला तर

इथे तपासत बसायचं नाही. पेट्रोलचा डाग भराभर उडून जातो, पण वास लपत नाही. गाडी सुरू करू नका, आतले दिवे-पंखे लावू नका, जवळ कुणाला सिगारेट ओढू देऊ नका आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. टाकी पार गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात किंवा उतारावर लावली, तरी पेट्रोल बाहेर येऊ शकतं. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या पाइपमुळेही येतं. डिझेल लवकर उडत नाही, तेलकट डाग मागे ठेवतं. सीएनजीचा डाग पडतच नाही, तिथे फक्त वासावर भरवसा.

बाकीचे डाग क्वचित दिसतात. लालसर तेल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टिअरिंगचं असतं. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यामुळे तिथे ते नसतंच. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं ते गिअर ऑइल. काही बीएस-6 डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण असतं, ते वाळलं की पांढरे खडे उरतात. आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर इंजिन ऑइल नाही, पण बॅटरी थंड ठेवायला अनेक मॉडेल्समध्ये कूलंट असतं, ब्रेक ऑइल तर असतंच.

मेकॅनिकला काय सांगायचं?

"काहीतरी गळतंय" याऐवजी पुठ्ठाच घेऊन जा. थेंब कुठे पडतो, गाडी उभी असताना पडतो की चालवून आल्यावर, रात्रभरात साधारण किती, हे सांगितलं तर शोध लवकर लागतो. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असंही नाही. इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरवरून तेल वाहत जाऊन हातभर लांब टपकतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून चांगला मेकॅनिक आधी तो भाग धुऊन पुसून घेतो, गाडी थोडी चालवतो आणि मग पुन्हा खालून बघतो.

तो "सीपेज आहे, गळती नाही" असं म्हणाला, तर ते टाळणं असेलच असं नाही. जुन्या गाडीत गॅस्केटच्या कडेला तेल नुसतं पाझरून धूळ धरतं, थेंब खाली पडत नाही. ते पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू शकतं. पण हेच उत्तर चाकाच्या आतल्या ओल्या बाजूबद्दल मिळालं, तर चाक काढून ब्रेक दाखवायला सांगा आणि तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.