हुकूमनाम्यानंतर (७) : कैदेतल्या ऋणकोचं जेवण

पगारावरची जप्ती आज घेतो म्हटलं होतं, ती पुढच्या आठवड्यात. रामटेकच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे, आणि त्यांचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा. धानाच्या व्यवहारात त्यांचे पैसे अडकले. दावा जिंकला, हुकूमनामा हाती आला. समोरचा माणूस मात्र बाजारात रोज भेटतो, रामराम करतो आणि पैशाचं नाव काढत नाही. ते विचारतात, "त्याची मालमत्ता शोधत बसण्यापेक्षा त्याला सरळ आत टाकता येत नाही का?"

हा संताप जुना आहे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचं सविस्तर वर्णन आहे. सावकार ऋणकोवर पहारा बसवी, त्याला जेवू देत नसे, भर उन्हात डोक्यावर दगड देऊन उभं करी. धरणं धरणारा तर दारात स्वतःही उपाशी बसे. वसुलीचं हत्यार भूक होतं.

१९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता याच्या नेमकी उलट आहे. ऋणकोला अटक करवायची तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावणाऱ्याने आधी कोर्टात भरायचा. कैद झाली की दर महिन्याचा भत्ता आगाऊ. तो थकला की ऋणको सुटला. ही रक्कम दाव्याच्या खर्चात धरली जाते, पण आज खिशातून जाते ती तुमच्याच. पुष्कळ पक्षकार यावर चिडतात. मला ही तरतूद अगदी रास्त वाटते. दुसऱ्याचं स्वातंत्र्य मागणाऱ्याने निदान त्याच्या पोटाची जबाबदारी घ्यावी.

शिवाय मिळतं काय? रक्कम ५,००० रुपयांवर असेल तर जास्तीत जास्त तीन महिने कैद. २,००० पर्यंतच्या रकमेला कैदच नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक होत नाही. सुटलेल्या माणसाचं कर्ज फिटत नाही, पण त्याच हुकूमनाम्यावर त्याला पुन्हा पकडताही येत नाही. आणि १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलं आहे की नुसतं पैसे न देणं पुरेसं नाही. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळाटाळ केल्याचं दिसलं पाहिजे.

म्हणजे गाडी पुन्हा मालमत्तेवरच येते. ती शोधण्याचं ओझं एकट्या तुमच्यावर नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. हुकूमनाम्याचे पैसे ३० दिवस थकले की आदेश २१, नियम ४१ खाली अर्ज करा. कोर्ट ऋणकोकडूनच त्याच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागवू शकतं. ते न देणाऱ्याला त्याच कारणासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मग बेलिफ जप्तीला निघतो तेव्हा त्याच्या हातात यादी असते. शेत मौद्याला किंवा घर नागपूरला निघालं, तर हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागेल.

रामटेकच्या वाचकांनी हुकूमनाम्याची तारीख कळवलेली नाही. तीच आधी पाहा. दरखास्तीला मुदत १२ वर्षांची आहे.