‘झीरो पॉवर’ या संज्ञेचा अर्थ : शोभेच्या स्पर्शभिंगांविषयी

वस्तूस मिळालेले नाव पुष्कळदा तिच्याविषयीचे आपले वर्तन ठरविते. डोळ्यांचा रंग पालटून दाखविणाऱ्या शोभेच्या स्पर्शभिंगांच्या बाबतीत याचा प्रत्यय येतो. दृष्टिदोष नसलेल्यांना विकली जाणारी ही भिंगे बाजारात ‘झीरो पॉवर’ या नावाने ओळखली जातात. यातील शून्य केवळ प्रकाशाच्या वक्रीभवनासंबंधीचे आहे. सामान्य ग्राहक मात्र त्याचा अर्थ ‘अपाय शून्य’ असा करून घेतो. अनर्थाचे मूळ या अर्थांतरात आहे.

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलास, म्हणजे स्वच्छमंडलास, रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः बाहेरील हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत मिळतो. भिंग दृष्टी सुधारणारे असो वा निव्वळ शोभेचे, ते या वाटेवरच बसते. ओटो विक्टरले यांनी १९६१ साली मुलांच्या खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जुळवून मऊ भिंगे तयार केली, तेव्हापासून स्पर्शभिंग सुसह्य झाले; परंतु सुसह्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. रंगीत भिंगात रंगद्रव्याची भर पडते. ते पृष्ठभागावर उघडे राहिल्यास तेथे खडबडीतपणा येतो व जंतूंना चिकटण्यास आधार मिळतो. माप न घेता घातलेले भिंग स्वच्छमंडलावर ओरखडे पाडू शकते, आणि अशा ओरखड्यांतून जंतूंचा आत शिरकाव होतो.

वसईच्या किल्ल्यालगतच्या पाचूबंदर या कोळीवस्तीतील एखाद्या नववधूने लग्नाच्या दिवसापुरती अशी भिंगे घातली, असे समजू. खाऱ्या वाऱ्याबरोबर उडणारी वाळू भिंगाखाली अडकू शकते. ते काढून घरातील पाण्याने धुणे तिला स्वाभाविकच वाटेल. पण खरा धोका तेथेच आहे. नळाच्या, विहिरीच्या आणि समुद्राच्याही पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव आढळतो. त्याच्या कवचधारी अवस्थेवर पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनचा प्रभाव पडत नाही. त्याचा संसर्ग विरळा असला तरी अतिशय वेदनादायक असतो, उपचार महिनोन्‌महिने चालतात व प्रसंगी दृष्टीही जाते.

जुलै २०२४ मध्ये अभिनेत्री जस्मिन भसीन यांनी दिल्लीतील एका समारंभासाठी स्पर्शभिंगे घातल्यानंतर स्वच्छमंडलास इजा झाल्याचे जाहीर केले. वेदना होत असतानाही त्यांनी समारंभ पुरा केला होता. समारंभ आणि वेदना यांत समारंभास अग्रक्रम देण्याची ही वृत्ती सार्वत्रिक आहे.

अन्यत्र कायद्याने शब्दाचा हा पेच सोडविला आहे. अमेरिकेने २००५ मध्ये सर्व स्पर्शभिंगांना, शोभेच्या भिंगांसह, वैद्यकीय उपकरण ठरविले. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमावलीतही वैद्यकीय हेतू नसलेल्या भिंगांचा समावेश आहे. वस्तू कशासाठी वापरली जाते यापेक्षा ती कोठे बसते, हा निकष येथे निर्णायक मानला आहे.

व्यवहारात याचा अर्थ स्पष्ट आहे. नेत्रतज्ज्ञाकडून माप घ्यावे. भिंगास हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. भिंगासाठी केवळ त्याचे द्रावण, तेही दर वेळी ताजे, वापरावे. भिंग घालून झोपू वा पोहू नये. मैत्रिणीचे भिंग कधीही घालू नये. डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर भिंग तत्काळ काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे व ते भिंग तपासणीसाठी सोबत न्यावे. भिंगाची शक्ती शून्य असली तरी घेण्याची काळजी शून्य असू शकत नाही.